मानेखालचा हात

माझं निम्मं आयुष्य लोकांना पडण्यापासून वाचवण्यात गेलं आहे. मी फिजिओथेरपिस्ट. मिरजेला शिकले, लग्नानंतर नवऱ्यामागून कुवेतला आले, आणि इथे घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना उठवते, बसवते, चालवते. बाथरूममध्ये दांडा कुठे ठोकायचा, गालिच्याची कड कशी चिकटवायची, हेच सांगत दिवस जातो. पडल्यावर माणसाचं काय होतं ते रोज बघत असल्यामुळे पडण्याची भीती माझ्या अंगात मुरली आहे. जिना उतरताना मी कठडा सोडत नाही. घरी पोरगी पलंगावर उड्या मारायची तेव्हा मला बघवायचं नाही. अशा बाईला पन्नाशीत मुद्दाम पडायला शिकावं लागलं, आणि तेही कॅनडातल्या कुस्तीचा इतिहास जपण्यासाठी, हे माहेरी सांगितलं तेव्हा भावाला मी चेष्टा करतेय असंच वाटलं.

कुवेतच्या जाब्रिया भागातल्या एका घरचं काम मला आमच्या होमकेअर कंपनीने दिलं. पेशंट मूळच्या कॅनडाच्या, वय ऐंशीच्या अलीकडे. तिकडे शिकायला गेलेल्या एका कुवेती मुलाशी लग्न करून तरुणपणी इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात मुलगा, सून, नातवंडं आणि श्रीलंकेची एक मदतनीस होती. ती मदतनीस त्या मुलाच्या शाळेपासून तिथे होती. सगळे बाईंना ‘मामा’ म्हणत, म्हणजे आई. माझ्या तोंडी ते काही बसेना. मामा म्हटलं की मला सांगलीच्या मार्केट यार्डातले माझे मिशीवाले मामा दिसायचे. मी आपली मॅडम म्हणायची.

त्यांची फाइल वाचूनच मी धसका घेतला होता. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा ढिला झालेला. जुनी दुखापत, त्यावर संधिवात. ऑपरेशनला त्यांनी ठाम नकार दिलेला. मानेला झटका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी खाली लिहिलं होतं. याचा अर्थ आम्हाला कोणी समजावून सांगावा लागत नाही. तिथे झटका बसला तर हातपाय जातात, कधी श्वासही. कडक कॉलर लावून त्यांना खुर्चीतून उठवताना मी स्वतःच श्वास धरून ठेवायची.

सुरुवातीच्या एका भेटीत मी त्यांच्या हातातली ताकद बघत होते. “माझा हात दाबा, असेल तेवढा जोर लावून,” मी म्हटलं. त्यांनी दाबला नाही. माझं मनगट धरलं, जरासं वळवलं आणि मी गुडघ्यांवर आले. कशी आले ते कळलंच नाही. त्या खुर्चीतून हलल्याही नव्हत्या. मी इतक्या जोरात ओरडले की मदतनीस स्वयंपाकघरातून धावत आली.

“दुखलं?” मॅडमनी विचारलं.

मी मनगट चोळायला गेले आणि थांबले. “नाही.”

“मग ओरडलीस कशाला?”

“घाबरले.”

“बरोबर,” त्या समाधानाने म्हणाल्या. “दुखायचं नाही. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे की हिचा हात गेला.”

मग थोडं थोडं करत त्यांनी सांगितलं. लग्नाआधी काही वर्षं त्या पैलवान होत्या. तिकडच्या गव्हाच्या मैदानी मुलखात गावोगाव कुस्तीचे खेळ व्हायचे. हॉकीच्या बर्फाळ मैदानावर फळ्या टाकून त्यावर रिंगण उभं करायचे. पाठ टेकली की खालून गारवा हाडात शिरायचा. पुरुषांच्या दोन मोठ्या कुस्त्यांच्या मध्ये बायकांची एक. पोस्टरवर पुरुषांची नावं, फोटो, आणि खाली बारीक अक्षरात नुसतं ‘मुलींची कुस्ती’. खेळ संपला की चार-पाच जणी एका गाडीत कोंबून पुढच्या गावाला. मानही कुस्तीत मोडली नव्हती. बर्फावरून गाडी घसरून ट्रकला धडकली, तेव्हा मोडली.

“सगळ्यांना रिंगणातली गोष्ट ऐकायची असते,” त्या म्हणाल्या. “ट्रक म्हटलं की निराश होतात.”

कोण जिंकणार ते आधी ठरलेलं असायचं, पण हे बाहेर कोणाला सांगायचं नाही अशी शपथच. त्यांनी ती इतकी पाळली की नवऱ्यालाही सांगितलं नाही. “तो जाईपर्यंत समजत होता की मी खरंच हरायची. बिचारा मला बळ यावं म्हणून अक्रोड खायला आणायचा.” सासरी सांगितलं होतं की मुलगी शाळेत खेळ शिकवायची. मुलाला मोठं झाल्यावर कळलं. नातवंडांना अजून काहीच माहीत नव्हतं.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो सांगलीजवळच्या खेड्यातला, शाळा सुटली की तालमीत लाल मातीत लोळलेला. आता शुऐबाच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, पण कुस्ती म्हटलं की अजून मांडी थोपटतो. तो हसला. “ती कसली कुस्ती? नाटक आहे सगळं. टीव्हीवर बघतो की आपण.”

मी भोळेपणाने ते मॅडमना सांगितलं. “नाटक म्हटलं की फळ्या मऊ होतात का?” त्या म्हणाल्या.

दर आठवड्याला एकदा त्यांच्या टॅबलेटवर कॅनडातून एका संशोधक बाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. आमच्याकडे दुपार कलायला लागलेली असायची, तिकडे नुकतं उजाडलेलं. त्या बाई तिकडच्या जुन्या महिला पैलवानांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवत होत्या. काम कठीण होतं. त्या काळात टीव्हीवाले टेप महाग म्हणून त्याच टेपवर पुन्हा दुसरं काहीतरी चित्रित करायचे. पुरुषांच्या कुस्त्या थोड्याफार वाचल्या, बायकांच्या जवळजवळ सगळ्या पुसल्या गेल्या. ज्या खेळल्या त्यांतल्या बहुतेक वारल्या, काहींना आठवत नाही, काही अजून शपथ पाळतात. मॅडमनी शपथ मोडली होती ती एका कारणासाठी. त्यांना स्वतःबद्दल फारसं बोलायचं नव्हतं. त्यांना शिकवणाऱ्या बाईबद्दल बोलायचं होतं.

ती बाई शेतकरीण होती. आपल्या धान्याच्या कोठारात गवत पसरून मुलींना तयार करायची. तिचा रिंगणातला एकही फोटो उरलेला नाही. तिचा एक डाव होता. समोरचीला मानेपाशी धरून खांद्यावरून पुढे फेकायचं, हे पुष्कळ जणी करायच्या. पण फेकलेली बाई पाठीवर आदळत असताना ही आपला एक हात तिच्या मानेखाली सरकवायची आणि दुसऱ्या हाताने हनुवटी धरून मुरगळल्यासारखं करायची. लोक किंचाळायचे. त्यांना वाटायचं मान मोडली. खरं तर त्या हातामुळे डोकं फळीवर आपटायचं नाही. त्या बाईच्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलीला कधी मानेची दुखापत झाली नाही, असं मॅडम सांगायच्या.

संशोधक बाई ऐकायच्या, प्रश्न विचारायच्या आणि शेवटी हताश व्हायच्या. “मला दिसत नाही,” त्या टॅबलेटवरून म्हणायच्या. “हात नेमका कधी जातो? डोकं टेकण्याआधी, की टेकताना?”

“करून दाखवल्याशिवाय कळणार नाही,” मॅडम म्हणायच्या.

आधी उशी घेऊन बघितलं, पण उशीला वजन नसतं. मग मदतनिशीला विचारलं. ती बिचारी ओढणी तोंडाला लावून रडायलाच लागली. “नो मामा, आय फॉल, आय डाय.” मग दोघींनी माझ्याकडे बघितलं.

“अजिबात नाही,” मी म्हटलं. मला त्या क्षणी त्यांची मान, माझं लायसन्स आणि आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. परदेशात पेशंटला काही झालं तर आपण कोण, कुठले, हे कोणी विचारत नाही. आधी परवाना जातो, मग नोकरी, मग राहायची परवानगी. मी पुन्हा नाही म्हटलं, आणि मॅडमनी विषय सोडून दिला.

पण पुढच्या भेटीत काय झालं, त्या उशीवरच मला दाखवत होत्या. हात सरकवला, मग थांबल्या. तो परत काढला आणि दुसरा घातला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या.

“परवा मी डावा म्हटलं होतं ना?”

“डावाच म्हणाला होतात.”

“नक्की?”

मी मान हलवली. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. इतक्या दिवसांत मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा बघितलं. “हातांना आठवतं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “डोक्याला आठवत नाहीसं झालंय. आणि उशी मधे आली की हातही गोंधळतात.”

म्हाताऱ्यांची आठवण जाते तेव्हा आधी कशी कडेकडेने जाते ते मला ठाऊक होतं.

मी पडायला तयार झाले आणि मुलाशी बोलले. तो एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, शांत माणूस. खाली दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, त्याने मला बसवून गहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला. “आईला अडवून मी थकलोय, दुक्तूरा,” तो म्हणाला; इथे फिजिओलाही डॉक्टरच म्हणतात. “डॉक्टर हो म्हणाले तर माझी हरकत नाही. फक्त दोन गोष्टी. ते इंटरनेटवर सगळ्यांना दिसता कामा नये. आणि तिने अंगभर कपडे घालायचे.”

डॉक्टरांनी बराच विचार केला. बसून करायचं, कॉलर लावून, वाकायचं नाही, अंगावर भार घ्यायचा नाही, या अटींवर त्यांनी लेखी परवानगी दिली. मला मनातून वाटत होतं की ते नाही म्हणतील.

मग आम्ही रचना ठरवली. मॅडमनी बिनपाठीच्या स्टुलावर बसायचं. समोर गाद्या एकावर एक रचून तेवढीच उंची करायची. मी त्यांच्या बाजूने, शेजारच्या लाकडी बाकावर हात टेकून, त्यांच्या खांद्यावरून गेल्यासारखी कोलांटी घेऊन गादीवर पाठीवर पडायचं. माझं वजन बाकावर. त्यांनी फक्त हात लावायचा.

“मुळात असंच असतं,” मॅडम म्हणाल्या. “फेकणारी काही करत नाही. पडणारीच सगळं करते. तिने उडी घेतली नाही तर जगातली कुठलीच बाई तिला फेकू शकणार नाही.”

म्हणजे सगळं माझ्यावर होतं.

घरी हॉलमध्ये गादी टाकली तेव्हा पोरगी सोफ्यावर पाय घेऊन बसली. ती इथेच जन्मली, इथेच वाढली, आता कॉलेजात आहे. “आई, आर यू सिरियस?” म्हणाली आणि फोन काढायला लागली. मी फोन ठेवायला लावला. नवरा कडेला उभा होता.

“अगं, कशाला नसती भानगड? नोकरी जाईल आणि मानही.”

“मग शिकव ना नीट पडायला.”

तो चप्पल काढून गादीवर आला. “हनुवटी छातीला चिकटव. वस्ताद पहिल्या दिवशी हेच सांगायचे. आभाळ बघायचं नाही, आपलं पोट बघायचं.”

मी गादीच्या कडेला उभी राहिले. खाली वाकायची आणि परत सरळ व्हायची. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी डोळे मिटून गेले तर एका अंगावर पडले आणि छातीतली हवा निघून गेली. आवाज फुटेना. नवरा घाबरून पाठ चोळायला लागला, पोरगी पाणी घेऊन आली. दोन्ही हात बाजूला जोरात आपटायचे, म्हणजे धक्का हातात जातो, हे मॅडमनी सांगितलेलं मी विसरले होते. दुसऱ्या दिवशी हात आपटले. मग जमायला लागलं. पण भीती काही कमी झाली नाही. दर वेळी पाय सुटण्याआधी एक क्षण असा यायचा की आता आपण संपलो.

चित्रीकरणाच्या दिवशी हिवाळ्यातलं छान ऊन होतं. दिवाणियातली बैठक बाजूला करून मधे गाद्या रचल्या होत्या. मॅडमनी लांब बाह्यांचा, घोळदार निळा झगा घातला होता, त्यावर पांढरी कॉलर. मी ट्रॅक सूट. मुलगा दारात उभा होता, बसायला तयार नव्हता. मदतनीस भिंतीला टेकून पुटपुटत होती. टॅबलेट एका तिवईवर ठेवला होता आणि त्यातून संशोधक बाई “जरा डावीकडे, हं, बास,” असं सांगत होत्या.

पहिल्यांदा मी गेले ते नीट गेले, पण मॅडमचा हात उशिरा आला. “माझं चुकलं,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते, गाल लाल झाले होते. मी नाडी बघितली. जलद होती. “थांबूया आता,” मी म्हटलं.

“एकदाच.”

मी मुलाकडे बघितलं. त्याने होकारार्थी मान हलवली.

मी बाकावर हात टेकला, हनुवटी छातीला लावली आणि स्वतःला सोडून दिलं. हवेत असतानाच मला जाणवलं की शेजारी काहीतरी हललं. मी पाठीवर पडले आणि त्याच क्षणी माझ्या मानेखाली एक हात आला. रुंद, गरम, पक्का हात. माझं डोकं गादीला लागलंच नाही, त्या तळव्यात येऊन थांबलं. पडायची भीती माझ्यात इतकी खोल आहे, पण त्या एका क्षणात ती नव्हती.

मग त्या हातातला जोर गेला. हात तिथेच होता, पण त्यात कोणी नव्हतं.

मी डोळे उघडले. मॅडम स्टुलावर नव्हत्या. त्या स्टुलावरून घसरून पुढे आल्या होत्या, एक गुडघा गादीवर टेकून माझ्यावर झुकल्या होत्या. तरुणपणी शेकडो वेळा टेकला असेल तसाच. शरीराने आपोआप केलं होतं. कॉलर वर सरकून हनुवटीत रुतली होती.

“माझे हात गेले,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याखाली होते. एकदम उठले असते तर त्यांची मान हलली असती. मी झोपल्या झोपल्याच दोन्ही तळहात त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावले, पक्के धरले आणि ओरडले, “कोणी हात लावू नका! ॲम्ब्युलन्स बोलवा!”

मुलगा धावत आला होता. “मामा!” म्हणून तो खांद्याला धरणार, तेवढ्यात मी अशी किंचाळले की तो जागच्या जागी थांबला. मग फोन लावायला लागला.

“श्वास घेता येतोय का?” मी मॅडमना विचारलं.

“येतोय.”

“पाय?”

“आहेत. मुंग्या आल्यात.”

“हलू नका. बोलूही नका.”

टॅबलेटमधून संशोधक बाई रडत विचारत होत्या, काय झालं, कोणीतरी सांगा, काय झालं. मदतनिशीने जाऊन टॅबलेट पालथा घातला. मॅडमचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते माझ्या गालावर पडत होतं.

“दिसलं का तिला?” त्या कुजबुजल्या.

“गप्प बसा हो!” मी मराठीतच म्हटलं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझी कोपरं थरथरायला लागली होती. हात सुटला तर, एवढाच विचार डोक्यात होता. देवाचं नावही आठवेना. ॲम्ब्युलन्सची माणसं आली, त्यांनी मान बांधली, फळीवर घेतलं, आणि त्यांच्यातल्या एकाने माझी बोटं एक एक करून सोडवली.

हॉस्पिटल चार गल्ल्यांवर होतं. मी ट्रॅक सूटमध्येच बाहेरच्या खुर्चीवर बसले. नवरा शुऐबाहून कामाच्या डांगरीतच आला आणि शेजारी बसला. मुलगा येरझाऱ्या घालत होता. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“तू फिजिओ आहेस,” तो म्हणाला. “तुला माहीत होतं.”

मी म्हटलं, “हो.”

“मग?”

नवरा उठायला लागला, मी त्याचा हात धरून खाली बसवलं. मुलगा वळून निघून गेला. आमचं इथलं सगळं आता उठणार, पोरीचं कॉलेज, घर, सगळं, असं मला तेव्हा नक्की वाटलं. आणि त्याहून भयंकर म्हणजे आत त्या बाईंचं काय होतंय ते कोणी सांगत नव्हतं.

अंधार पडायच्या आधी नर्स बाहेर आली. आपल्याकडची, लातूरची. ती धावतच माझ्याकडे आली. “ताई, उजवा हात हलवला त्यांनी. मूठ वळली.” मी तिथेच तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

मज्जारज्जूला मुका मार लागला होता, तुटलं काही नव्हतं. त्या आठवड्यात मॅडमनी इतकी वर्षं नाकारलेलं ऑपरेशन करून घेतलं. स्क्रू टाकून मणके जखडले. उजवा हात परत आला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर आणि वाकडी राहिली, ती अजून तशीच आहेत.

कंपनीने चौकशी लावली आणि तोपर्यंत मला सुलैबियातल्या त्यांच्या सेंटरमध्ये बसवलं. तिथे मी गुडघे शेकायची आणि फोन वाजला की दचकायची. जेवण जाईना. नवऱ्याने एकदाही ‘मी सांगत होतो’ म्हटलं नाही, त्याचीसुद्धा मला भीती वाटायची. शेवटी डॉक्टरांची लेखी परवानगी आणि मुलाचा जबाब यावर प्रकरण मिटलं. आई स्वतःहून पुढे घसरली आणि या बाईने डोकं धरून ठेवलं म्हणून ती वाचली, असं त्याने सांगितलं होतं. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. सुपरवायझरकडून कळलं.

मग त्याचाच फोन आला. “आईने दोन थेरपिस्ट हाकलल्या. तू येशील?”

मी गेले. मॅडम पलंगावर टेकून बसल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. टॅबलेट समोरच होता आणि त्यात संशोधक बाई. बहुधा माझीच वाट बघत होत्या.

“दिसलं का?” मॅडमनी त्यांना माझ्यासमोर विचारलं. आधी विचारलं असणारच, पण मी असताना ऐकायचं होतं.

“नाही,” संशोधक बाई म्हणाल्या. “मी खूपदा बघितलं. झग्याची बाही मधे येते. हात आत जाताना दिसतो आणि मग निळं कापड. आत काय होतं ते कळत नाही.”

मुलगा खिडकीशी उभा होता. अंगभर कपड्यांची अट त्याची होती. त्याने कपाळाला हात लावला. एवढं सगळं झालं, ही बाई मरता मरता वाचली, आणि दिसलंच नाही? आणि लगेच दुसरी भीती आली, या आता म्हणतील पुन्हा करू.

मॅडम तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “बाहेरून नाही दिसलं. हिच्या मानेखाली होता तो हात. हिला विचारा.”

मी घाबरून नको म्हटलं. माझं इंग्रजी कामापुरतं. कुठे दुखतं, किती वेळा करा, एवढंच. इतिहास वगैरे मला बोलता यायचा नाही. संशोधक बाई म्हणाल्या, “तुमच्या भाषेत आधी सांगा. मग इंग्रजीत. दोन्ही ठेवू.”

“नाव काय घालू?” त्यांनी पुढे विचारलं.

“नाव नको,” मी म्हटलं. लायसन्सची धास्ती अजून गेली नव्हती. मुलानेही आईचं नाव घालू नका, असं सांगितलं होतं. शिकवणाऱ्या शेतकरणीचं नाव तेवढं घालायचं ठरलं.

मग मी मराठीत सांगायला लागले. कुवेतमध्ये बसून, कॅनडातल्या एका कोठारात गवतावर शिकवलेल्या डावाबद्दल. “डावा हात होता. डोकं टेकायच्या आधी आला, टेकताना नाही. बोटं पसरलेली होती. मधलं बोट कवटीच्या खळग्याशी, अंगठा कानाखाली. त्याने ढकललं नाही, ओढलं नाही, नुसतं झेललं. लोकांना दिसतो तो दुसरा हात, हनुवटीवरचा, पण त्याला वजनच नव्हतं. सगळं वजन खालच्या हातात होतं.” बोलता बोलता मी अडखळले, कारण त्यानंतर काय झालं ते माझ्या मानेला आठवत होतं. मी थांबले, पाणी प्यायले. मग तेच इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं.

मॅडम डोळे मिटून ऐकत होत्या. संपलं तशी त्यांनी आपला डावा हात उचलला. दोन बोटं सरळ होत नव्हती. तो हात त्यांनी हवेत एका डोक्याखाली धरल्यासारखा धरला आणि मग अंगठा थोडासा वर नेला.

“कानाखाली नाही,” त्या म्हणाल्या. “कानामागे. खाली धरलास तर डोकं निसटतं. परत सांग.”

मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवातीपासून परत सांगितलं.